पंचगंगेतील जिवंत माशांकडून कीटकनाशकांचा माग कसा काढता येईल?

प्रयागसंगम (धागाकर्ता)

उन्हाळ्याच्या अखेरीस बंधाऱ्यांच्या डोहांत, किंवा वळवाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर, पंचगंगेत मेलेले मासे तरंगू लागले की वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, पाण्याचे नमुने घेतले जातात, चार दिवस चर्चा होते आणि पूर आला की तो विषयही पुराबरोबर जातो. या धाग्यात मला मेलेल्या माशांपेक्षा वाचलेल्या माशांविषयी अधिक लिहायचे आहे. नदीत मिसळणाऱ्या कीटकनाशकांचा पुरावा त्यांच्या शरीरात असतो आणि तो शोधण्याचे काम आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांना झेपण्यासारखे आहे, असे माझे मत आहे.

प्रयाग चिखलीच्या संगमापासून नृसिंहवाडीला कृष्णेत मिळेपर्यंत पंचगंगेत कोल्हापूर शहराचे सांडपाणी, इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेचे पाणी आणि कारखान्यांची मळी येते, हे आपण सारे जाणतो. त्याचा वास येतो, रंग दिसतो, फेस दिसतो. दोन्ही काठांवरील उसाच्या रानांतून ओढ्या-चरींवाटे येणाऱ्या कीटकनाशकाला मात्र बहुधा वास नसतो आणि रंगही नसतो. शिवाय ते रोज येत नाही. आळवणी झाली, म्हणजे औषध पाण्यात मिसळून पिकाच्या मुळाशी ओतले गेले, त्यावर जोराचा पाऊस पडला, म्हणजे काही तासांचा एक लोंढा येतो आणि निघून जातो. महिन्यातून एकदा भरलेल्या बाटलीत तो सापडला तर योगायोगच म्हणावा लागेल. बाटलीत त्या क्षणाचे पाणी येते, तर मासा त्या ठिकाणी रात्रंदिवस राहिलेला असतो.

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट यांसारखी सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके मज्जातंतूंच्या जोडणीवरील अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला (एन्झाइमला) निकामी करतात. एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे निरोप पोहोचल्यावर निरोप नेणारे रसायन लगेच मोडून टाकणे हे त्या विकराचे काम असते. ते थांबले की निरोप अखंड चालू राहतो, स्नायू आखडतात, कल्ल्यांची हालचाल बिघडते. किडीच्या शरीरात जे घडते तेच माशाच्याही शरीरात घडते. विषाची मात्रा कमी असेल तर मासा मरत नाही, परंतु निकामी झालेल्या विकराच्या जागी नवा विकर तयार व्हायला त्याला कित्येक दिवस, कधी काही आठवडे लागतात. पाण्यातून औषध नाहीसे झाल्यानंतरही माशाच्या मेंदूतील ही घट मोजता येते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, क्लोरपायरीफॉसची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गोड्या पाण्यातील जलचरांसाठी ठरवलेली अल्पकालीन मर्यादा ०.०८३ मायक्रोग्रॅम आहे. दोन्ही आकड्यांत साडेतीनशे पटींहून अधिक अंतर आहे. दोन्ही मर्यादांचे हेतू वेगळे आहेत, हे मान्य आहे. तरीही ‘कीटकनाशक मर्यादेत आढळले’ असा अहवाल वाचताना ती मर्यादा कोणासाठीची, हे विचारले पाहिजे. माणसाला चालेल असे पाणी माशांच्या पिल्लांना आणि त्यांच्या खाद्याला मारक असू शकते.

प्राणीशास्त्र, रसायनशास्त्र, शेती आणि मासेमारी यांची प्रत्यक्ष माहिती असलेल्या सदस्यांनी या विचाराची कसून तपासणी करावी, अशी विनंती आहे.

कल्ले_आणि_खवले

मी एका महाविद्यालयात प्राणीशास्त्र शिकवते. आपण ज्या विकराविषयी लिहिले आहे तो मोजण्याची एलमन यांची पद्धत १९६१ पासून वापरात आहे आणि तिला फार महाग यंत्रे लागत नाहीत. माशाचा मेंदू बर्फावर ठेवूनच थंड द्रावणात एकजीव करायचा, त्यात अ‍ॅसिटिलथायोकोलिन आणि डीटीएनबी ही दोन रसायने घालायची. विकर शाबूत असेल तर द्रावण पाहता पाहता पिवळे होत जाते आणि तो पिवळेपणा ४१२ नॅनोमीटरला वाचता येतो. विषबाधा झालेल्या माशाच्या द्रावणाला पिवळेपणा सावकाश चढतो. दोन परीक्षानळ्या शेजारी शेजारी धरल्या तर मोठा फरक विद्यार्थ्यांना नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.

खरी अडचण तुलनेची आहे. हा विकर माशाच्या जातीनुसार, आकारानुसार आणि पाण्याच्या तापमानानुसार बदलतो. एप्रिलमध्ये शिरोळजवळ धरलेली चिलापी आणि डिसेंबरमध्ये राधानगरीच्या वरच्या अंगाला धरलेला रोहू यांची तुलना करून काहीच सिद्ध होणार नाही. एकच जात, जवळपास एकच लांबी, एकाच आठवड्यात धरलेले मासे आणि फवारणीचे पाणी न येणारे तुलनेचे ठिकाण, इतके तरी हवेच. साधारणपणे तुलनेच्या गटापेक्षा २० टक्क्यांहून अधिक घट दिसली तर संपर्क झाल्याचे मानतात. पण त्यासाठी तुलनेचा गटच ढिसाळ असून चालत नाही.

नदीतला मासा कोठून आला, हाही प्रश्न असतोच. बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले की मासे मैलोनमैल फिरतात. त्यामुळे मत्स्यबीज केंद्रातून एकाच वयाची रोहूची बोटुकली (बोटभर लांबीची पिल्ले) आणून जाळीच्या लहान पिंजऱ्यांत दोन ते तीन आठवडे पाण्यात ठेवणे मला अधिक पटते. कोणता मासा कोठे आणि किती दिवस होता, याबद्दल मग वाद उरत नाही. मात्र बंधाऱ्यामागच्या साचलेल्या पाण्यात पहाटे प्राणवायू इतका खाली जातो की पिंजऱ्यातले मासे त्यानेच मरतील. म्हणून विरघळलेला प्राणवायू रोज पहाटे मोजावा लागेल. पाऊस लागल्यावर मुख्य प्रवाहात पिंजरा टिकणार नाही, तेव्हा हे काम ओढ्यांवरच करावे.

ऊसकरी_शिरोळ

मॅडमनी सांगितलेली पद्धत चांगली आहे, परंतु आमच्या रानात आज नेमके काय पडते, ते आधी पाहावे अशी माझी सूचना आहे. उसाची मुळे खाणाऱ्या हुमणी या अळीसाठी पूर्वी सर्रास फोरेट टाकले जात असे. २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० नंतर त्यावर बंदी आली. क्लोरपायरीफॉसची आळवणी अजून काही जण करतात. आता मात्र बरेच शेतकरी फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड यांचे तयार मिश्रण वापरतात आणि खोडकिड्यासाठी क्लोरअँट्रानिलिप्रोल देतात. लागणीनंतर तणनाशक म्हणून अ‍ॅट्राझीन किंवा मेट्रिब्युझिन असते. माझ्या समजुतीप्रमाणे यांपैकी क्लोरपायरीफॉस आणि फोरेट सोडले तर दुसरे कोणतेही औषध या विकरावर काम करत नाही. तसे असेल तर माशाचा मेंदू तपासून ‘सर्व ठीक आहे’ असा निष्कर्ष निघेल आणि रानातून औषध वाहतच राहील.

वेळेविषयीही सांगतो. वळीव झाला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. तेथे ते गोळा करून मारले तर पुढचे बरेच औषध वाचते, पण गावाने मिळून केले तरच त्याचा उपयोग होतो. ते झाले नाही की जून-जुलैत आळवणी होते आणि तेव्हाच पाऊस असतो. पिंजरे ठेवायचे तर मे महिन्याच्या अखेरीस ठेवावेत आणि पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर काढावेत. फवारणीचा पंप ओढ्यात धुण्याची सवयही मोठी आहे. रानातून वाहून येणाऱ्या औषधाइतकाच तोही विषय गंभीर आहे, असे मला माझ्याच शिवारातील ओढा पाहून वाटते.

कल्ले_आणि_खवले

दादा, आपला मुद्दा अचूक आहे आणि त्यामुळे साऱ्या आखणीलाच वेगळे वळण मिळते. इमिडाक्लोप्रिड त्याच मज्जातंतूंच्या जोडणीवर काम करते, परंतु विकरावर नव्हे, तर निरोप स्वीकारणाऱ्या ग्राहकावर (रिसेप्टरवर). फिप्रोनिलचा मार्ग तर पूर्णपणे निराळा आहे. क्लोरअँट्रानिलिप्रोल स्नायूंतील कॅल्शियमच्या व्यवहारावर परिणाम करते. यांपैकी एकही औषध एलमन पद्धतीत दिसणार नाही.

इमिडाक्लोप्रिडला मासे फारसे दाद देत नाहीत. त्याने थेट मासा मरायला लिटरला कित्येक मिलिग्रॅम औषध लागते आणि नदीत तेवढे येत नाही. माशांचे खाद्य असलेल्या जलकीटकांच्या अळ्या मात्र मायक्रोग्रॅममध्येच मरतात. जपानमधील शिंजी सरोवराचे उदाहरण या संदर्भात वाचण्यासारखे आहे. तेथे १९९३ पासून आजूबाजूच्या भातशेतीत या गटातील कीटकनाशके वापरली जाऊ लागली, त्यानंतर प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) कमी झाले आणि त्यावर जगणाऱ्या वाकासागी या माशाची वार्षिक पकड २४० टनांवरून २२ टनांवर आली. हे सरोवर मचूळ पाण्याचे आहे, तेव्हा ते जसेच्या तसे पंचगंगेला लावता येणार नाही. पण विषाने मेलेला एकही मासा न तरंगता मासेमारी संपू शकते, हे त्यातून स्पष्ट होते. २०१९ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले तेव्हापासून मी वर्गात ते आवर्जून शिकवते.

तेव्हा माशाबरोबर त्याच ओढ्यातील दगडांखालचे जलकीटक मोजले पाहिजेत. दगड उलटून त्याखालील अळ्या पांढऱ्या तबकात काढायच्या आणि जातगटांनुसार मोजायच्या, हे काम पदवीचे विद्यार्थी उत्तम करतात. सांडपाणी नसलेल्या, प्राणवायू भरपूर असलेल्या ओढ्यात मासे ठणठणीत आहेत पण मेफ्लाय या जलकीटकाच्या अळ्या नाहीत, असे दिसले तर संशयाची सुई नव्या कीटकनाशकांकडे वळते. मासे आणि अळ्या दोन्ही खालावले असतील तर आणखी खोलात जावे लागेल.

भोईवाडा

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जाळे टाकण्याचा व्यवसाय आहे. मासे मेले की सगळे जण एकदम ‘रसायन सोडले’ म्हणतात, परंतु मरताना मासा काय करतो हे पाहिले तर बराच उलगडा होतो. पाण्यातला श्वास संपतो तेव्हा मासे पहाटे वर येतात, तोंड पाण्याबाहेर काढून आ वासतात आणि आधी मोठे मासे जातात. मळीचे पाणी आले की असेच होते. औषधाचे पाणी आले तर त्याला ठरावीक वेळ नसते. लहान मासे आधी जातात, मासा एकाच जागी गिरक्या घेतो, मध्येच झटका येऊन उसळतो, नंतर कुशीवर पडून थरथरत राहतो. मेल्यावरही त्याचे पुढचे पर ताठ पुढे आलेले आणि कल्ल्यांची झाकणे उघडी राहिलेली मी पाहिली आहेत. त्याच वेळी काठावरचे झिंगे आणि पाण्यावरचे किडेही मेलेले दिसले तर आम्हाला फारसा संशय उरत नाही.

एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. उन्हाळ्यात डोह आटले की काही माणसे शेतीचे औषध टाकून मासे मारतात. ते भोई नसतात आणि मच्छीमारही नसतात. १८९७ च्या मासेमारी कायद्यापासून हा गुन्हा आहे, तरी तो थांबलेला नाही. तुमच्या पिंजऱ्याच्या वर असा एखादा डोह असेल तर ओढ्याकाठच्या शेतकऱ्यावर नाहक बोट ठेवले जाईल. म्हणून जागा ठरवताना काठच्या माणसांना विचारा.

प्रयागसंगम

दादा, आपण सांगितलेली लक्षणे पाठ्यपुस्तकांतील वर्णनाशी तंतोतंत जुळतात आणि ती येथे आल्यामुळे धाग्याचे मोल वाढले आहे. पंचगंगेतील मासे मरण्याच्या घटनांत प्राणवायू संपणे हेच कारण अनेकदा असते, हे मीही मानतो आणि प्रत्येक घटनेला कीटकनाशकाचे लेबल लावणे या विषयाला मारकच ठरेल.

दोन्ही कारणांचा परस्परसंबंधही लक्षात घ्यावा लागेल. प्राणवायू कमी झाला की मासा अधिक वेगाने कल्ले हलवतो, कल्ल्यांवरून अधिक पाणी जाते आणि पाण्यातले औषधही शरीरात अधिक शिरते. स्वच्छ टाकीत ९६ तासांच्या चाचणीत जी मात्रा निरुपद्रवी ठरते, ती इचलकरंजीच्या खालच्या पाण्यात तशी राहीलच असे नाही. कारखान्याच्या सांडपाण्याला आपल्याकडे जैवचाचणीचा निकष आहे. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. उसाच्या रानातून येणाऱ्या पाण्याला मात्र पाइप नाही, परवाना नाही आणि त्यामुळे चाचणीही नाही. ही पोकळी ओढ्यातल्या पिंजऱ्यांनी काही प्रमाणात भरून निघेल.

नमुना_बाटली

मी विश्लेषण प्रयोगशाळेत काम करतो. विकराची घट म्हणजे ‘सेंद्रिय फॉस्फरस किंवा कार्बामेट (हाच विकर अडवणारा कीटकनाशकांचा दुसरा गट) गटातील काहीतरी आले’ एवढाच निष्कर्ष. कोणते औषध, हे त्यावरून कळत नाही. दोन गटांतील फरक मात्र त्याच प्रयोगशाळेत ओळखता येतो. कार्बामेटने अडवलेला विकर नमुना पातळ करून कोमट ठेवल्यास बऱ्याच अंशी पुन्हा काम करू लागतो, फॉस्फरस गटाने अडवलेला तसा सहजासहजी सुटत नाही.

औषधाचे नाव हवे असेल तर अवशेष शोधावे लागतात आणि तेथे नमुना घेण्याच्या पद्धतीवर सारे अवलंबून असते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दुपारभर उन्हात हिंडवलेला मासा आमच्याकडे आला तर त्यातून आम्ही काहीही सांगू शकत नाही. कल्ले अजून लालसर असलेला ताजा मासाच घ्यावा. अवशेषांसाठी तो अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून थेट बर्फात ठेवावा. विकरासाठी वेगळे मासे घ्यावेत आणि तेही लगेच थंड करावेत, कारण उष्णतेने विकर आपोआप घटतो आणि विषबाधेचा खोटा आभास निर्माण होतो. पाणी गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत घ्यावे. त्याच जागचा तळाचा गाळही जरूर घ्यावा, कारण सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी पायरेथ्रॉइड औषधे पाण्यात न राहता गाळाला चिकटतात. पक्षी आणि माणसांच्या तुलनेत मासे या औषधांना कितीतरी पटींनी अधिक संवेदनशील असतात, म्हणून ती वगळू नयेत. फिप्रोनिल शोधताना शरीरात त्यापासून बनणारे सल्फोनही शोधायला सांगावे, ते अधिक काळ टिकते.

माशांवरून विषाचा विस्तार कसा कळतो, याचे मोठे उदाहरण ऱ्हाईन नदीचे आहे. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बासेलजवळ कृषी रसायनांच्या गोदामाला आग लागली आणि ती विझवण्याच्या पाण्याबरोबर डायसल्फोटॉन, थायोमेटॉन यांसारखी फॉस्फरस गटातील औषधे नदीत गेली. पुढे सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. तळाशी राहणाऱ्या एका माशाने त्या लोंढ्याची लांबी दाखवून दिली. त्यानंतर त्या नदीवर धोक्याची पूर्वसूचना देणारी यंत्रणा बळकट करण्यात आली.

रंकाळा_फेरी

सर्वांचे प्रतिसाद मन लावून वाचले. एक गृहिणी म्हणून विचारते, आम्ही बाजारातून नदीचा मासा आणतो, तो खावा की नाही?

नमुना_बाटली

ताई, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. माशाच्या मेंदूतील विकर घटला याचा अर्थ त्याच्या मांसात औषध शिल्लक आहे असा होत नाही. फॉस्फरस गटातील औषधे शरीरात तुलनेने लवकर मोडतात, त्यांचा परिणाम मात्र रेंगाळतो. डीडीटीसारखी जुनी क्लोरिनयुक्त औषधे याउलट चरबीत साठत जातात आणि लहान माशाकडून मोठ्या माशाकडे वाढत जातात. खाण्यायोग्यता ठरवायची तर मांसातील अवशेष स्वतंत्रपणे मोजून अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मर्यादांशी ताडून पाहावे लागतात. एवढे मात्र निक्षून सांगतो की, नदीत तरंगत असलेला किंवा सामूहिक मृत्यूनंतर काठावर स्वस्तात विकला जाणारा मासा कोणीही घरी नेऊ नये.

ऊसकरी_शिरोळ

माझ्या शिवारातील ओढा या कामासाठी देण्यास मी तयार आहे. वरच्या अंगाला माळरान असल्यामुळे तुलनेची जागा त्याच ओढ्यावर मिळेल आणि खालच्या अंगाला पंधरा-वीस शेतकऱ्यांची उसाची राने आहेत. कोणी, कोणत्या दिवशी, कोणते औषध, किती दिले याची नोंदवही आम्ही ठेवू. एकच अट आहे. निकाल प्रसिद्ध करताना शेतकऱ्याचे नाव किंवा गट क्रमांक देऊ नये आणि निकाल आधी आम्हाला गावात येऊन समजावून सांगावा. औषध वाहून जाते म्हणजे आमचेही पैसेच वाहून जातात, त्यामुळे हे जाणून घेण्याची गरज आम्हाला कोणापेक्षाही कमी नाही.

कल्ले_आणि_खवले

दादा, अट पूर्णपणे रास्त आहे आणि नोंदवहीशिवाय आमचे आकडे अर्धवटच राहिले असते. ओढ्यावर तीन जागा घेऊ: माळरानाखाली एक, उसाच्या पट्ट्याच्या मध्यावर एक आणि नदीला मिळण्याआधी एक. प्रत्येक ठिकाणी दोन पिंजरे ठेवू, म्हणजे एखादा फाटला किंवा चोरीला गेला तरी काम थांबणार नाही. जलकीटकांची पहिली मोजणी वळवापूर्वी व्हायला हवी, अन्यथा नंतरच्या घटीची तुलना कशाशी करायची हा प्रश्न राहील. मासा हा पृष्ठवंशीय प्राणी असल्यामुळे महाविद्यालयाच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्यावी लागेल आणि त्यास वेळ लागतो. तो अर्ज मी या आठवड्यात करते. बोटुकली मात्र सर्वांत शेवटी आणू, कारण पिंजऱ्यात सोडण्यापूर्वी त्यांना ओढ्याच्या वरच्या अंगाच्या पाण्याची सवय करून द्यावी लागेल आणि त्यांतील काही त्याच दिवशी तपासून सुरुवातीचा आकडा नोंदवावा लागेल.

भोईवाडा

पिंजऱ्याची जाळी आम्ही विणून देतो. बोटुकली निसटणार नाही इतके डोळे बारीक ठेवू, पण फार बारीक ठेवले तर शेवाळ धरून पाणी आत खेळणार नाही. ओढ्यावर येऊन पाण्याची ओढ पाहिल्यावरच नेमका आकार सांगतो.